भिंतीपलीकडची फिदांका

स्कोप्ये,
सप्टेंबर १९६३

प्रिय पावला,

तुझं कार्ड पोचलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि मजकूर काय, तर ‘विंको झोपेत एका बाईला हाका मारतो. ही फिदांका कोण?’ वर माझं नाव नाही, खाली तुझी सही नाही. तरी ते कार्ड मी कोटाच्या खिशात घालून हिंडतेय. उत्तर लिहायला सकाळी तंबूत बसले, तर शेजारच्या बायकांनी ढोबळ्या मिरच्या भाजायला घेतल्या आणि धुरानं डोळे चुरचुरायला लागले. मग उठून नदीकाठी गेले. तिथं वाऱ्यानं कागद ठरेना. आता एका अर्धवट बांधलेल्या लाकडी खोलीत, फळ्यांच्या ढिगावर बसलेय. अक्षर वाकडं येतंय त्याला माझं मनगट कारण आहे. त्याचं सांगेनच. तुला माहीत आहे, मला एका जागी बसवत नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, तिल्काच्या बाकाला खिळे लागलेत. पण यावेळी हे निराळं आहे. बसले की वाटतं, आत्ता उठायला हवं, कोणीतरी वाट बघतंय.

सरळ उत्तर द्यायचं तर दोन शब्दांत देता येईल, पण तू विश्वास ठेवणार नाहीस. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आपण कारखान्यातल्या वाइंडिंगच्या खोलीत समोरासमोर बसायचो, ते आठवतं का गं? तांब्याची केसासारखी तार, व्हार्निशचा तो डोक्यात भिनणारा वास, आणि तू माझ्या दुप्पट वेगानं ड्रिलच्या मोटारीचं आर्मेचर गुंडाळून वर मलाच म्हणायचीस, ‘तिल्के, तू तार गुंडाळतेयस की वेणी घालतेयस?’ पहिल्याच दिवशी फोरमननं आपल्याला फाटकाजवळच्या कपाटातलं ते जुनं जर्मन धूड दाखवलं होतं. गेल्या शतकातलं, विजेवर चालणारं पहिल्यावहिल्या पिढीतलं ड्रिल. एकानं छातीची पाटी लावून रेटायचं, दुसऱ्यानं दोन्ही बाजूंनी धरायचं, तेव्हा कुठं पत्र्याला भोक पडायचं. तू म्हणालीस, हे हातात धरायचं यंत्र आहे की अडून बसलेलं रेडकू. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट फार आवडली होती. तोवर माणूस काम उचलून यंत्राकडे न्यायचा. इथून पुढं यंत्र कामाकडे जायला लागलं. मग अमेरिकनांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ दिली, बोटाखाली कळ दिली, आणि ते एका माणसाचं झालं. पुढं तुझ्यामाझ्यासारख्यांच्या हातून ते इतकं हलकं झालं, की कारखान्यानं ठरवलं, बाईच्या हातात देऊन गावोगाव दाखवायचं. बाईला जमतं म्हटल्यावर बाप्ये लाजेखातर घेतील. त्या कामाला तुझं नाव आधी निघालं होतं. तुझं विंकोशी लग्न ठरलेलं, म्हणून ते माझ्याकडं आलं. आणि गाडीवर ड्रायव्हर म्हणून आला तो विंको.

लोक काय बोलायचे ते मला ठाऊक होतं. महिन्यातले वीस दिवस परक्या गावांत, एक गाडी, एक बाई, एक पुरुष. पावला, तू मला विचारायला हवं होतंस. तू विचारलं नाहीस, रस्त्यात भेटलीस की पलीकडच्या बाजूनं जायला लागलीस, आणि मीही ताठ्यानं गप्प राहिले. आज लिहून टाकते. मला तुझा नवरा नको होता, मला रस्ता हवा होता. विंको गाडीत पुढं झोपायचा, मी मागं खोक्यांच्या मध्ये. त्याच्याशी माझं रोज भांडण व्हायचं, कारण त्याला ते यंत्र अजिबात आवडायचं नाही. सहा वर्षांत त्यानं एकदाही ड्रिल हातात धरलं नाही. म्हणायचा, हे गुरगुरणारं कुत्रं तुझं तू सांभाळ, मला विजेचं भय वाटतं. मी फळकुटावर उभी राहून विटेवर वाइननं भरलेला पेला ठेवायची आणि थेंबही न सांडता विटेला आरपार भोक पाडायची. एकदा लेस्कोवात्सच्या बाजारात एक टोपीवाला म्हणाला, ‘ताई, भोक छान पडलं, पण पेला मला द्या, तो अजून भरलेला आहे.’ सगळा बाजार हसला. विंको गाडीला टेकून सिगारेट ओढत होता. तो म्हणाला, ‘द्या द्या, सहा वर्षं मी त्याच पेल्यावर डोळा ठेवून आहे.’ असा होता तो. जिथं जाईल तिथं दोन वाक्यांत माणसं आपलीशी करणारा. तुझ्या दारात आता जो उतरलाय, तो वेगळाच कोणी असणार याची मला कल्पना आहे. तिकडून माझी बहीण लिहिते, की तो जेवता जेवता उठतो आणि बंद गाडीत जाऊन बसतो.

जुलैच्या अखेरीस आम्ही इथं आलो होतो. नदीकाठच्या मैदानावर जत्रेसारखी प्रदर्शनं लागली होती, आमच्या शेजारी फरहात नावाच्या माणसाचे फिरते पाळणे होते. यावेळी कारखान्यानं हॉटेल दिलं होतं, पण उकाड्यानं तिथं झोपवेना, म्हणून आम्ही मैदानावरच राहिलो. मी गाडीत, विंको बाहेर गवतावर. जगलो ते त्यामुळं. पहाटे भूकंप झाला, जमिनीनं जो हिसका दिला, त्याचं वर्णन वर्तमानपत्रात तू वाचलंच असशील, मी करत नाही. एवढंच सांगते की नंतर शहरावर धूळ उभी राहिली आणि तिच्या आतून माणसांचे आवाज यायला लागले. विंको अनवाणीच उठला आणि म्हणाला, ‘चल.’ कुठं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दोन गल्ल्या सोडून एक दुमजली घर खाली बसलं होतं. त्याच्या तळघरातल्या खोलीत एक बाई जिवंत होती, तिचं ओरडणं शेजारच्या घराच्या तळघरात ऐकू येत होतं. मध्ये विटांची जाड भिंत. तिच्या बाजूनं वाट उरली नव्हती, वर सगळा मजला येऊन टेकलेला. सैनिक आले, त्यांनी घण घातला, तर एका घावासरशी पलीकडे काहीतरी सरकलं, बाई किंचाळली आणि आमच्या डोक्यावरूनही माती गळायला लागली. त्यांचा हवालदार म्हणाला, ठोकायचं नाही, ठोकलं तर ती मरेल आणि आपणही. मग सगळे नुसते भिंतीकडं बघत उभे राहिले. तेव्हा विंकोनं माझ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, ‘तुझा तो पेला आठव.’

घणानं हादरतं, ड्रिलनं हादरत नाही, निदान तितकं नाही. विटांमधल्या चुन्याच्या रेघेवर एकाला लागून एक भोकं पाडत गेलं, की वीट दात हलावा तशी हलते आणि हातानं निघते. ते मी शेकडो वेळा करून दाखवलं होतं, गंमत म्हणून. आमच्या गाडीत दोन ड्रिलं होती आणि त्यांत बसवायची कठीण टोकाची बिटं होती. नव्हती ती वीज. सबंध शहरात वीज नव्हती. झाग्रेबच्या प्रदर्शनात आम्ही एका कागदावर अमेरिकेतलं बॅटरीवर चालणारं ड्रिल पाहिलं होतं, शेपटीशिवायचं. मी खूप हसले होते, खेळणं म्हणाले होते. त्या सकाळी त्या खेळण्यासाठी मी काहीही दिलं असतं. विंको पळत मैदानावर गेला आणि फरहातला घेऊन आला. पाळण्यांचा डिझेल जनरेटर त्या दोघांनी आणि चार सैनिकांनी हातगाडीवर घालून, ढिगाऱ्यांवरून उचलत उचलत आणला. फरहातचं स्वतःचं घर पडलं होतं की नाही, हे बघायलाही तो गेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, ‘आधी हे लावू, मग बघू.’

तळघरात घोट्यापर्यंत पाणी होतं. नळ फुटला होता. पावला, तुला मी हे सांगायला नको, आपल्या ड्रिलचं अंग धातूचं, आणि वायरीला कुठं चीर गेली असली तर पाण्यात उभ्या माणसाचं काय होतं. मी उपड्या खोक्यावर चढले, रबरी हातमोजे घातले आणि कळ दाबली. पहिलं भोक आरपार गेलं, बिट बाहेर काढलं, तर त्यातून तिचा श्वास ऐकू आला. एक वीट निघाल्यावर आम्ही रबरी नळी आत सारली आणि पाणी सोडलं. ती पाणी प्यायली, खोकली, आणि स्वच्छ म्हणाली, ‘त्रायान, तू आलास.’

विंकोनं सैन्यातली वर्षं इकडच्याच बितोलात काढलेली, त्यामुळं मला नुसती कळणारी इकडची भाषा त्याला बोलता येते. वाकडीतिकडी, पण कानांत धूळ भरलेल्या बाईला चालेल इतकी. तो नाही म्हणणार होता. तोंड उघडलं होतं त्यानं. पण तिनं विटेच्या भोकातून दोन बोटं पुढं काढली होती, आणि त्यानं ती धरली. म्हणाला, ‘आलो.’ ती फिदांका. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे.

ड्रिल तापतं. आर्मेचर जळू द्यायचं नसेल तर त्याला विसावा द्यावा लागतो, हे तुझ्यामाझ्याइतकं कोणाला ठाऊक. दोन्ही आळीपाळीनं वापरली तरी मध्ये मध्ये थांबावं लागत होतं, आणि त्या शांततेत विंको तिच्याशी बोलायचा. कळ दाबण्याआधी सांगायचा, आता गुरगुर होईल, घाबरू नकोस. थांबलो की विचारायचा, पाय हलतात का, हात कुठं आहे, जागी राहा. तिचा नवरा त्रायान भल्या पहाटे बेकरीत कामाला जायचा, म्हणून ती एकटी होती. ती विचारायची, भट्टीतले पाव काढलेस का. तो म्हणायचा, काढले. ती म्हणायची, मग मला एक का नाही आणलास, आणि तो म्हणायचा, गरम होता गं, बोटं भाजली. आमच्या मागं उभी असलेली शेजारीण तोंडात डोक्यावरचा रुमाल कोंबून ऐकत होती. दुपारी फिदांकाचा दीर आला. त्यानं विंकोच्या कानाशी सांगितलं, की बेकरी सपाट झालीय. त्रायानला काढलंय. चेहरा ओळखता येतोय, एवढंच.

विंको भिंतीपासून उठला आणि माझ्याकडं आला. हळू म्हणाला, ‘तिल्का, मी मेलेल्या माणसाच्या तोंडानं बोलतोय.’ भोकातून तिची हाक आली, त्रायान, कुठं गेलास. मी ड्रिल खाली केलं. मला एवढंच सुचलं, मी म्हणाले, ‘बोलत राहा. तू थांबलास तर ती झोपेल.’ तो परत जाऊन बसला.

आणि पावला, आता हे ऐक, कारण हे फक्त तुझ्यासाठी आहे. बऱ्याच वेळानं ती जरा तरतरीत झाली आणि म्हणाली, ‘त्रायान, हे भोक पाडतंय कोण? तुला तर खिळा ठोकता येत नाही. भिंतीवरच्या एका फळीसाठी दोन वर्षं जीभ झिजवतेय मी.’ विंको अडकला. म्हणाला, स्लोव्हेनियाहून एक बाई आलीय, यंत्र घेऊन. मग त्या ढिगाऱ्याखालून, मरणाच्या दाढेतून, अगदी खणखणीत प्रश्न आला, ‘कोण बाई?’ हवालदार हसला, फरहात हसला, मी खोक्यावरून पडता पडता राहिले. विंको जराही न अडखळता म्हणाला, ‘म्हातारी आहे गं. दात पडलेत, मिशी आहे. माझ्याशी दिवसभर भांडते. मी घरी जायची वाट बघतोय.’ इतक्या सराईतपणे म्हणाला, की मला कळलं, हे वाक्य त्यानं याआधीही कुणाला तरी सांगितलेलं आहे, आणि ते खोटं म्हणून सांगितलेलं नाही. मिशीचं मी त्याला माफ केलं. शेवटचं वाक्य तू नीट वाच.

संध्याकाळच्या सुमाराला भोक खांद्याएवढं व्हायला थोडंच बाकी होतं, तेव्हा मला विजेचा झटका बसला. पाणी वाढलं होतं आणि वायर कुठंतरी सोलली गेली होती. झिणझिण्या मला आधीपासून येत होत्या, मी बोलले नव्हते. एकदम कोणीतरी दंडातून लोखंडी सळई ओढून काढावी तसं झालं. मी पाण्यात फेकले गेले आणि हात मनगटापासून आखडून वळला. फरहातनं वर पळत जाऊन जनरेटर बंद केला. एक ड्रिल आधीच जळलं होतं, आता दुसरं पाण्यात. आत ती विचारत होती, काय झालं, काय पडलं. विंकोनं आवाज जराही न बदलता सांगितलं, काही नाही, म्हातारी घसरली. मग त्यानं ड्रिल उचललं, शर्ट काढून पुसलं. सोललेल्या जागेवर रबराची पट्टी गुंडाळून वायर छताच्या कडीला टांगली. फरहातनं वर चालू केलं. विजेला भिणारा तुझा नवरा खोक्यावर चढला आणि डोळे मिटून त्यानं कळ दाबली. पहिल्या खेपेला बिट विटेवर नाचलं. मी पाण्यात बसल्या बसल्या त्याला सांगत होते, रेटू नकोस, धरून राहा, यंत्राला त्याचं काम करू दे. तो भोकं पाडत होता, विटा ओढत होता, आणि त्रायान होऊन बोलत होता, सगळं एकाच वेळी. फळी बसवीन म्हणाला. उद्याच बसवीन म्हणाला. ती म्हणाली, शपथ घे. त्यानं शपथ घेतली.

उजेड जायच्या आत ती बाहेर आली. पाय ठेचला होता, केसांत चुना, वयानं आपल्यापेक्षा लहानच. सैनिकांनी तिला वर आणून गादीवर ठेवलं. ती डोळे किलकिले करून माणसं बघत होती. सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरली, दिरावर थांबली, आणि त्यानं मान खाली घातली. तेवढ्यावर तिला कळलं असावं. विंको चार पावलांवर उभा होता, उघडा, मातीनं भरलेला. त्यानं तिथून निघून जायला हवं होतं, मीही त्याला खुणावत होते. तो गेला नाही. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, ‘तू बोलत होतास.’ त्यानं मान हलवली आणि तिच्याजवळ येऊन बसला. तिनं हात पुढं केला. मला वाटलं, मारतेय. तिनं त्याच्या तोंडावर तळवा ठेवला, जसा आपण लेकराला गप्प करायला ठेवतो. मग ट्रक आला आणि तिला निश शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला.

त्यानंतर विंको बोलला नाही म्हणजे नाही. पुढचे काही दिवस आम्ही जिथं लागेल तिथं जात होतो, तो गाडी चालवत होता, ओझी उचलत होता, आणि मान हलवून हो-नाही सांगत होता. कारखान्यानं गाडी परत मागवली तेव्हा तो ती घेऊन निघाला. मी राहिले. इथं हजारो लाकडी घरं उभी करायचीत, तऱ्हेतऱ्हेच्या देशांतली ड्रिलं येऊन पडलीत आणि ती धरायला माणसं शिकवायचीत. माझा हात कामाचा नाही, पण तोंड आहे. निघताना मी विंकोला म्हणाले, पावलाला सांग सगळं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं. सांगायला तोंड उघडायचं तर कोणाच्या आवाजात उघडायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

आता हे पत्र कशासाठी, ते. तुझ्या कार्डाचं उत्तर एवढंच असतं तर कदाचित मी ते चार दिवस आणखी खिशात वागवलं असतं. पण परवा तंबूंच्या रांगेत एक बाई काठी टेकत मला शोधत आली. फिदांका. तिनं मला पहिल्यांदा काय विचारलं असेल? ‘त्याचं नाव काय?’ तिला तेसुद्धा माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग म्हणाली, मला त्याला भेटायचंय. मी घाबरले, विचारलं, त्याच्यावर राग आहे का. तर म्हणाली, ‘राग कसला? त्यानं दिवसभर माझ्या माणसाचं नाव वागवलं, आणि तो माणूस कसा होता हे त्याला ठाऊकच नाही. ते त्याला सांगायचंय. दुसऱ्या कोणाला सांगू, बाई? इथं प्रत्येकाचं कोणी ना कोणी गेलंय, ऐकायला कोणी मोकळं नाही.’ तर आम्ही दोघी येत्या रविवारी सकाळच्या आगगाडीनं पोचतोय. विंकोला आधी सांगू नकोस, सांगितलंस तर तो गाडी काढून कुठंही निघून जाईल. त्याला काहीतरी कारण काढून घरात ठेव. कॉफी जरा जास्त टाक, तिला लांबचं सांगायचं असणार. आणि दार त्याला उघडू देऊ नकोस, पावला. तू उघड. आधी तुम्ही दोघी एकमेकींना बघा. मी बाहेर फाटकापाशी थांबेन, तू हाक मारलीस तर आत येईन.

तुझीच, मिशीवाली म्हातारी,
तिल्का